पिकअप गाडीच्या ब्रेकच्या नळ्या



आपल्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरीं पिकअप गाडी हेंच चरितार्थाचें साधन आहे. पहांटे कन्नडकडील आलें किंवा लासूरकडील कांदा भरून ती बाजारांत येते, दुपारीं सिमेंटचीं वा खताचीं पोतीं घेऊन खेड्याकडे परतते, आणि हंगामांत रात्रीं घरीं येईलच असेंहि नसतें. उस्मानपुऱ्याच्या चौकांत सायंकाळीं थोडा वेळ उभें राहिल्यास अशा गाड्या एकामागून एक जातांना दिसतात. यंदां पदार्थविज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आमच्या पिकअपचे ब्रेकचे रबरी पाइप काढून पोलादी जाळीचे पाइप बसविले, तर गाडी लवकर थांबेल काय? मिस्त्री म्हणतात, थांबेल."

प्रश्न चांगला आहे, पण त्याचें उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नाहीं. मिस्त्रींचें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि उतारावर अर्ध्या सत्याचें मोल फार पडतें. म्हणून तो प्रश्न येथें सविस्तर घेतला आहे. पालकांनींहि हा लेख वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम हें पाहूं कीं, ब्रेकच्या पेडलावर पाय पडला म्हणजे तो जोर चाकापर्यंत कोण नेतें? सळई नव्हे, तार नव्हे. एक द्रव नेतो. बाजारांत त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात. वास्तविक तें तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव असतो, आणि त्यांत चुकून खरेंच इंजिनाचें तेल पडलें तर आंतील रबराचे भाग फुगून निकामी होतात. नांवानें फसूं नये तें असें. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यानें सांगितलेला नियम तुम्ही पाठ केला आहे: बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब त्या द्रवांत सर्वत्र सारखाच पोंचतो. या एका नियमावर साऱ्या गाडीचा भरंवसा आहे.

आतां पाटी घ्या. समजा, चालकानें पेडलावर ३० किलो भाराइतका जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे. ती तो जोर पांचपट करते असें धरूं, म्हणजे १५० किलो झाले. निर्वातावर चालणारा बूस्टर तो दुप्पट करतो असें धरूं, म्हणजे ३०० किलो झाले. हा जोर मास्टर सिलिंडरांतील २२ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडतो. त्याचें क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला असतां दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ७९ किलो दाब येतो. साध्या मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब २ किलोच्या आसपास असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या बारीक नळींत काय कोंडलेलें असतें याची कल्पना येईल. पुढच्या चाकापाशीं कॅलिपरांत ५४ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या असेल, तर त्याचें क्षेत्रफळ २२.९ चौरस सेंटिमीटर भरतें, आणि त्यावर सुमारें १८०० किलो जोर पडतो. पायाच्या ३० किलोंचे चाकापाशीं १८०० किलो झाले. पण मधली नळी फुटली तर त्यांतील एक किलोहि तेथवर पोंचत नाहीं.

ही युक्ति मोटारींत आणण्याचें श्रेय माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाकडे जातें. १९१७ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. तोंवर सळया, साखळ्या व तारा ओढून ब्रेक लावीत, आणि चारहि चाकांवर सारखा जोर आणणें मोठें जिकिरीचें होई. १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग गाडीला चारहि चाकांवर द्रवाचे ब्रेक आले. १९२४ सालीं क्रायस्लरनें ते अधिक स्वस्त गाडीवर आणले. लॉकहीडच्या आरंभीच्या रचनेंत दट्ट्यांना कातड्याच्या वाट्या असत व त्या गळत. क्रायस्लरच्या कारागिरांनीं तेथें रबर घातलें. म्हणजे जन्मापासूनच या यंत्राचें दुखणें एकच आहे: द्रव आंत राहिला पाहिजे.

मास्टर सिलिंडरापासून चाकापर्यंतचा मार्ग दोन प्रकारच्या नळ्यांचा असतो. गाडीच्या सांगाड्याला धरून जाते ती पोलादी नळी. बहुधा तिचा बाहेरील व्यास ४.७५ मिलिमीटर व भिंतीची जाडी सुमारें पाऊण मिलिमीटर असते. पोलादी पत्र्याची दुहेरी गुंडाळी करून ती तांब्यानें झाळलेली असते, व वर गंजरोधक लेप असतो. इतकी बारीक नळी इतका दाब कशी सोसते? तर बारीक आहे म्हणूनच. त्याच दाबाखालीं नळीच्या भिंतीवर पडणारा ताण व्यासाच्या प्रमाणांत वाढतो. दुप्पट रुंद नळीला दुप्पट जाड भिंत लागली असती. आणि ब्रेक लावतांना हलणारा द्रव अगदीं थोडा असल्यामुळें रुंद नळीची गरजहि नसते. परंतु चाक तर वरखालीं होतें, पुढचें चाक वळतेंहि. तेथें ताठ नळी चालत नाहीं. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांपाशीं आणि सांगाडा व मागचा आंस यांच्या दरम्यान रबरी पाइप असतो. रबराच्या थरांमध्यें धाग्यांची वीण घालून तो केलेला असतो.

या मार्गांत बिघाड कोठें होतो? पोलादी नळी बाहेरून गंजते. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळें कोंकणांतील गाडीपेक्षां आपली गाडी या बाबतींत सुदैवी आहे. परंतु खताची वाहतूक करणाऱ्या गाडीच्या सांगाड्यावर खताची धूळ बसते, काळ्या मातीचा चिखल नळीच्या पकडींपाशीं ओल धरून ठेवतो, आणि तेथेंच, जेथें हात व दृष्टि पोंचत नाहीं तेथें, गंज भिंत खातो. रबरी पाइपाची गोष्ट निराळी. उन्हानें व ब्रेकच्या उष्णतेनें तो कडक होतो, वांकवला असतां त्यावर बारीक भेगा दिसतात. मुरलेला पाइप दाबाखालीं किंचित् फुगतो, पाय दाबावा तितकें पेडल खालीं जातें, आणि चालक म्हणतो, "ब्रेक स्पंजासारखा लागतो." आणखी एक बिघाड फार फसवा असतो. पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आंतून सुजून त्याचें छिद्र बुजत येतें. पायाच्या जोरानें द्रव पुढें जातो, परंतु पाय काढल्यावर परत येत नाहीं. तें चाक धरून राहतें व तापतें. मिस्त्री कॅलिपर खोलतो, दट्ट्या साफ करतो, नवे पॅड बसवतो, पण दोष तसाच राहतो. अशा वेळीं पाइप बदलून पाहणें हें स्वस्तांतील काम आधीं करावें.

आतां मूळ प्रश्न. पोलादी जाळीचा पाइप म्हणजे आंत टेफ्लॉनची नळी व तिच्यावर न गंजणाऱ्या पोलादी तारांची विणलेली जाळी. टेफ्लॉन तुमच्या आईच्या ओळखीचें आहे. न चिकटणाऱ्या तव्यावर तेंच असतें. १९३८ सालीं रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला तें दुसरेंच कांहीं शोधतांना सांपडलें. हें द्रव्य ब्रेकच्या द्रवानें खराब होत नाहीं, उष्णता पुष्कळ सोसतें, व वरील जाळी त्याला फुगूं देत नाहीं. त्यामुळें पेडल घट्ट लागतें, पायाचा जोर विनाविलंब चाकाशीं पोंचतो, आणि खडा उडून लागला तरी पाइप सहसा कापला जात नाहीं. मिस्त्रींचें म्हणणें येथपर्यंत खरें.

यापुढें तें खरें नाहीं. वर मांडलेल्या गणितांत रबर किंवा पोलाद हा आंकडा कोठेंहि आलेला नाहीं. पायाचा जोर तोच, दट्टे तेच, तर चाकावरील जोरहि तोच राहतो. फुगण्यांत वाया जाणारी पेडलाची चाल तेवढी वांचते. शिवाय चाक एकदां फिरावयाचें थांबलें म्हणजे पुढचें काम टायर व रस्ता यांच्या घर्षणाचें आहे. तेथें नळीचें कांहीं चालत नाहीं. जुना रबरी पाइप खराब झाला असेल तर नव्या पाइपानें फरक पडेल, पण तो फरक मूळ कारखान्याच्या नव्या रबरी पाइपानेंहि पुष्कळसा पडतो. ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनीं जाळीच्या मोहांत न पडतां कारखान्याचे रबरी पाइप सर्वच्या सर्व बदलावे, आणि उरलेल्या पैशांत ताजा द्रव भरावा, असें माझें मत आहे.

जाळीचा पाइप घ्यावयाचाच असेल, तर कांहीं गोष्टी डोळ्यांत तेल घालून पहाव्या लागतात. जाळीच्या आड आंतील नळीची झीज दिसत नाहीं. ज्या वस्तूशीं जाळी घासते ती वस्तु कानशीनें घासल्यासारखी झिजते, मग ती शेजारची तार असो कीं पोलादी नळी. म्हणून वर आवरण असलेला पाइप घ्यावा व मूळच्याच पकडींत बसवावा. पाइपाला पीळ पडूं देऊं नये. लांबी मोजतांना गाडी सपाट उभी करून भागत नाहीं. सुकाणूं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून पहावें, आणि आंस पूर्ण खालीं लोंबत असतांनाहि पाइप ताणला जात नाहीं, ही खातरी करावी. टोंकें कारखान्यांत दाबून बसविलेलीं व दाबाची चाचणी झालेलीं असावींत. भट्टींत किंवा दुकानांत ठोकून बसविलेलें टोंक पाहिलें तर पैसे परत मागावे.

ताठ नळी बदलण्याची वेळ आली, म्हणजे पोलादाच्या जागीं तांबें व निकेल यांच्या मिश्र धातूची नळी घेतां येते. हिच्यांत सुमारें ९० टक्के तांबें व १० टक्के निकेल असतें. स्वीडनमधील व्होल्वो कंपनीनें १९७६ पासून ती आपल्या मोटारींत वापरली. तिकडे हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात व पोलादी नळ्या लवकर सडतात. ही नळी गंजत नाहीं, हातानें सुबक वांकते, तिचें टोंकहि चांगलें उमलतें. परंतु रंग पाहून कोणी शीतकपाटाची शुद्ध तांब्याची नळी लावील, तर तो घोटाळा होईल. शुद्ध तांबें हादऱ्यांनीं कडक होत जातें व शेवटीं तडकतें. तार वारंवार वांकवून तोडण्याचा खेळ तुम्हीं सर्वांनीं केला आहे. तेंच येथें मंदगतीनें घडतें.

नळीचें टोंक उमलविण्याला कारागीर 'फ्लेअर' म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकांत टोंक दुहेरी दुमडून कर्ण्यासारखें उघडलेलें असतें, दुसऱ्यांत तें बुडबुड्यासारखें फुगविलेलें असतें. ज्या जोडाला जो प्रकार, तोच बसला पाहिजे. आटे जुळले म्हणून जोड जुळला असें होत नाहीं. घाईंत कोणी नळी मधेंच कापून पाण्याच्या नळाला लावतात तसली दाबकडी लावून सांधतात. ब्रेकच्या नळीला ती मुळींच चालत नाहीं. फुटलेला भाग सांधण्यापेक्षां एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत अखंड नवी नळी घालावी.

येथवर नळी झाली. आतां घाट.

छत्रपती संभाजीनगराहून चाळीसगांवाकडे जाणारा रस्ता कन्नडच्या पुढें औट्रम घाटानें पठारावरून खानदेशांत उतरतो. खानदेशांत भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचें नांव त्याला पडलें आहे. आपलीं माणसें त्याला कन्नडचा घाटच म्हणतात. २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशावरून या घाटांत जड वाहनांना मज्जाव करण्यांत आला, यावरून त्याच्या अवघडपणाची कल्पना यावी. समजा, मालासह ३००० किलो वजनाची पिकअप १०० मीटर उंची उतरली. ३००० × ९.८ × १०० म्हणजे २९ लक्ष ४० हजार जूल इतकी ऊर्जा मोकळी होते. वेग वाढूं द्यावयाचा नसेल, तर ही ऊर्जा कोठें तरी गेली पाहिजे. ती सर्व ब्रेकमध्यें गेली असें धरलें, तर तेवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें दहा लिटर पाणी उकळीला येईल! हीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगानें जात असतां एकदां थांबविली, तर सव्वाचार लक्ष जूलांच्या आंत काम भागतें. म्हणजे दर १०० मीटर उताराला भरधाव गाडी सात वेळां थांबविण्याइतकी उष्णता निर्माण होते. घाट कांहीं १०० मीटरांवर संपत नाहीं.

ही उष्णता पॅडमधून द्रवापर्यंत जाते. 'डॉट ३' जातीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं, 'डॉट ४' चा २३० पर्यंत. पण हा द्रव हवेंतील ओल शोषतो, रबरी पाइपांतूनहि ती हळूहळू आंत शिरते. त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें म्हणजे हमीचे हेच आंकडे १४० व १५५ वर येतात. द्रव उकळला कीं वाफ होते. वाफ दबते, आणि पास्कलचा सारा हिशोब कोलमडतो. पेडल तळाशीं जातें व गाडी चालूच राहते. गाडी थंड झाल्यावर तेंच पेडल पुन्हां घट्ट लागतें, म्हणून मागाहून तपासणाऱ्याला कांहींच सांपडत नाहीं. पोलादी जाळीचा पाइप या वाफेचें काय करणार? तो फुगत नाहीं एवढेंच. उतारावर खरा ब्रेक इंजिनाचा. ज्या गिअरमध्यें चढावें त्याच गिअरमध्यें उतरावें, हा जुन्या चालकांचा परिपाठ शास्त्रशुद्ध आहे. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून सोडणारे सर्व उष्णता ब्रेकच्या माथीं मारतात. इंजिन बंद करणारे तर दोनचार वेळां पेडल दाबतांच बूस्टरचेंहि साह्य गमावतात.

याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती आपल्याकडील गाडीवाल्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. जास्त माल भरतां यावा म्हणून मागें एखाददुसरा पाटा वाढविण्याची चाल सर्वत्र आहे. कित्येक पिकअपच्या मागील आंसापाशीं भार ओळखणारी एक झडप असते. हौद्यांत माल असला म्हणजे सांगाडा आंसाकडे झुकतो; झडपेची दांडी तो झोक मोजते आणि मागील चाकांना जास्त दाब जाऊं देते. गाडी रिकामी असतां ती मागचा दाब कमी करते, कारण हलकें झालेलें मागचें चाक लगेच घसरतें. आतां पाटे वाढविले कीं तोच माल घालूनहि सांगाडा पूर्वीइतका झुकत नाहीं. झडपेला वाटतें गाडी रिकामी आहे. म्हणजे ज्या गाडीवर भार सर्वांत अधिक, तिच्याच मागच्या ब्रेकला दाब कमी! त्यांतच पुढच्या चाकांना जाळीचे पाइप बसवून पेडल घट्ट केलें, तर चालकाला उगीचच धीर येतो. शिवाय पाट्यांमुळें गाडी उंच होते व मागचा मूळ पाइप आंखूड पडतो. ज्यानें पाटे वाढविले आहेत त्यानें पाइपांआधीं पाटे काढावे, हें अप्रिय वाटलें तरी लिहिणें प्राप्त आहे.

नळ्या बदलल्यावर आंतील हवा काढणें हें उरलेलें काम. चाकापाशीं जें निपल असतें त्याला पारदर्शक नळी लावून तिचें टोंक द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल क्षणभर सैल करून पुन्हां आवळावें. बुडबुडे येईनात तोंवर हें करावें. गाडीबरोबरच्या पुस्तकांत क्रम दिला असेल तो पाळावा. तो नसल्यास बहुधा मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या, म्हणजे आपल्याकडे डाव्या मागच्या चाकापासून आरंभ करतात. मागचा आंस लोंबता ठेवूं नये, नाहींतर वर सांगितलेली झडप दाब अडवते व हवा आंतच राहते. निघालेला द्रव परत टांकींत ओतूं नये. तो रंग उतरवितो. सांडल्यास पाण्यानें धुवावा.

हें काम मुलांचें नव्हे, आणि ब्रेकचें काम केलेल्या कारागिराखेरीज कोणाच्याहि हातीं तें देऊं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्यें गाडीच्या मूळ बनावटींत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. म्हणून निराळ्या जातीचा भाग घालण्यापूर्वीं कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यास विचारावें. ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांच्यासाठीं शासकीय तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालय हीं दोन्हीं आपल्या उस्मानपुऱ्यांतच आहेत, हेंहि जातां जातां सांगतों.

मुलांना करतां येण्याजोगी तपासणी मात्र आहे. गाडी सपाट जागीं उभी असावी, चाकांना दगड लावलेले असावे, आणि वडील शेजारीं असावे. सुकाणूं एका बाजूस पूर्ण फिरवून पुढच्या चाकामागील पाइप पहावा: भेग, फुगवटा, ओल, घासल्याची खूण. मग इंजिन चालू करून वडिलांनीं पेडल नेटानें दाबून एक मिनिट तसेंच धरावें. पेडल जागच्या जागीं राहिलें तर ठीक. तें हळूहळू खालीं जाऊं लागलें, तर द्रव कोठून तरी निसटत आहे. टांकींतील पातळी पहावी, चारहि चाकांच्या आंतल्या बाजूस ओलेपणा आहे काय तें पहावें. बाहेर कोठेंच ओल नसेल तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरांत असतो. दोन्हींपैकीं कांहींहि असलें तरी माल उतरवून ठेवावा आणि मिस्त्रींना घरीं बोलवावें. गाडी त्यांच्याकडे चालवीत नेऊं नये.